कालखंड म्हणजे यकृत्

संस्कृतांत ‘यकृत्’ हा एक खोडकर शब्द आहे. प्रथमेस तो सरळ यकृत् असतो. पण द्वितीयेच्या अनेकवचनापासून पुढें तो विकल्पानें ‘यकन्’ असें रूप घेतो, आणि तृतीयेच्या एकवचनीं ‘यकृता’ म्हणावें कीं ‘यक्ना’, असा पेंच विद्यार्थ्यांस पडतो. पाणिनीनें त्याच सूत्रांत ‘शकृत्’, म्हणजे शेण, हाही शब्द घेतला आहे. त्यामुळें ‘यकृत् आणि शकृत् हीं व्याकरणांतलीं सख्खीं भावंडें’ हें वाक्य टाकून वर्गांत हंशा पिकविण्याची आमची जुनी खोड होती. अमरकोशांत यकृतास ‘कालखंड’ असा पर्याय आहे. कालखंड म्हणजे काळा तुकडा. ग्रीकांचें हेपार, रोमनांचें येकुर आणि फारशींतलें जिगर हीं सर्व त्याच एका घराण्यांतलीं, हेंही आम्ही मोठ्या ऐटीनें सांगत असूं. तो अवयव पोटांत कोणत्या बाजूस असतो असें मात्र कोणीं विचारलें असतें, तर आम्हीं बहुधा डाव्या कुशीवर हात ठेवला असता.

तो उजवीकडे असतो. हें आम्हांस वयाच्या साठीनंतर कळलें, आणि तें शिकविणारा आमचा कनिष्ठ बंधु.

आम्ही करमाळ्याचे. मॅट्रिक होऊन मराठी शाळेंत मास्तर झालों आणि त्याच पेशांत निवृत्त झालों. संस्कृत वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत झालें, तें घरीं येणाऱ्या मुलांस शिकवीत राहिलों. रावरंभा निंबाळकरांनीं बांधविलेल्या कमलाभवानीच्या देवळाकडे, म्हणजे देवीच्या माळाकडे, आम्ही सकाळीं फिरावयास जातों. बंधु आमच्याहून सात वर्षांनीं लहान. त्यास पाटीवर कित्ता घालून दिला तो आम्हींच, आणि त्याचें अक्षर पुढें आमच्याहून सरस झालें. एका संस्थेंत तो हिशेबनीस होता. जमाखर्चाच्या वहीवरून संगणकावर सर्व गेलें तरी वर्षाचा ताळेबंद तो आधीं हातानें लिही, आणि तें पान पाहावयास लोक मुद्दाम येत. आमच्या कुटुंबास मिरविण्याजोगी जी एक वस्तु होती, ती म्हणजे हें अक्षर.

आमच्या पिढीनें दारुड्या पाहिला तो रंगभूमीवर. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले, आणि त्यांचें ‘एकच प्याला’ त्यानंतर पुढच्याच महिन्यांत रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून महाराष्ट्राच्या मनांत मद्यपी म्हणजे सुधाकर: सनद गेलेला, बायकोचे हाल करणारा, सर्व गांवासमक्ष कोसळणारा. नाटकाचा हा दोष नव्हे. नाटकास दिसेल असेंच दुःख लागतें. परंतु त्यामुळें आम्हां वाचक-प्रेक्षकांची अशी समजूत झाली कीं, जो कोसळत नाहीं तो पीत नाहीं. बंधु कधीं कोसळला नाहीं. दहाच्या ठोक्यास तो कचेरींत असे, घरीं आवाज चढवीत नसे, श्राद्धपक्षास सोवळें नेसून पानें वाढी. रात्रीं उशिरा आला म्हणजे त्याच्या तोंडास वेलदोड्याचा वास येई. आम्हांस वेलदोडा आवडतो. आम्हीं तो वास कधीं हुंगून पाहिला नाहीं एवढेंच.

शिवाय ‘आपल्या घरांत’ हा एक शब्दप्रयोग आहे. आपल्या घरांत असलें कांहीं नसतें. शुक्राचार्यांनीं कचाची राख मद्यावाटे पोटांत घातली, आणि मग पश्चात्तापानें ब्राह्मणास मद्य वर्ज्य केलें, ही महाभारतांतली कथा आम्ही मुलांस सांगत असूं. तींतला साधा अर्थ, कीं वर्ज्य करण्यापूर्वीं आचार्य स्वतः घेत होते, तो आमच्या ध्यानांत येत नसे.

गांवही बदललें होतें. पूर्वींचा करमाळा तालुका म्हणजे ज्वारी आणि दुष्काळ. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, भीमेकांठच्या गांवांत पाणी खेळलें, मागून ऊंस आला, साखर आली, आणि साखरेमागून मळी. मळीचें पुढें काय होतें हें आम्हीं ऊंसवाल्या पालकांच्या तोंडून ऐकलें: तींत किण्व घालून आंबवितात, ऊर्ध्वपातन करितात, आणि निघतें तेंच अल्कोहोल. पैसा आला तसे टेंभुर्णी-नगर रस्त्यावर धाबेही आले. बंधूची बैठक त्यांतल्या एका धाब्यावर असे, हें गांवांतल्या पोरासोरांस ठाऊक होतें.

२०१७ सालीं त्याची प्रकृति किरकिर करूं लागली. भूक मंद, सकाळीं मळमळ. गांवांतल्या डॉक्टरांकडे आम्हीच त्यास घेऊन गेलों. हे डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. रक्त तपासलें, सोनोग्राफी केली. यकृतांत चरबी सांठलेली निघाली, आणि एस्‌जीओटी व एस्‌जीपीटी या नांवांचीं दोन द्रव्यें रक्तांत वाढलेलीं निघालीं, त्यांत पहिलें दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. हें प्रमाण मद्यप्याच्या यकृताची खूण असते, हें आम्हांस आज माहीत आहे. डॉक्टरांस त्याच दिवशीं माहीत होतें. त्यांनीं बंधूकडे न पाहतां आमच्याकडे पाहिलें आणि हळूच विचारलें, “गुरुजी, हे कधीं घेतात का?”

आम्ही म्हणालों, “आमच्या घरांत तसलें कांहीं नाहीं, डॉक्टर.”

बंधु खालीं पाहत होता. डॉक्टरांनींही मान खालीं घातली. ज्या गुरुजींनीं पाढे शिकविले त्यांस ‘आपण खोटें बोलतां’ असें म्हणावयाचें कसें? त्यांनीं ‘तेलकट, तुपकट कमी करा, आणि इतरही कांहीं असेल तर तें बंद करा’ असें मोघम सांगितलें व आम्हीं बाहेर येऊन लिंबू-सरबत घेतलें. त्या दिवशीं बंधूच्या यकृतांत फक्त चरबी होती. ही पहिली पायरी. या पायरीवर मद्य सुटलें तर बहुतेकांची चरबी कांहीं आठवड्यांत निघून जाते आणि यकृत् पूर्ववत् होतें. तेव्हांचें आमचें उत्तर किती महाग पडलें याचा हिशेब पुढें लागला.

आतां यकृत् करतें तरी काय, तें आम्हांस जसें समजलें तसें सांगतों. प्रौढ मनुष्याचें यकृत् दीड किलोच्या आसपास भरतें. त्यांतून दर मिनिटास सुमारें दीड लिटर रक्त जातें, आणि त्यांतला तीन-चतुर्थांश भाग आंतड्यांकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेनें येतो. पूर्वीं गांवाच्या वेशीवर जकातनाका असे, तसें हें आहे: पोटांत जें जें म्हणून पचलें तें देहभर जाण्यापूर्वीं या नाक्यावरून जातें. तेथें साखर उतरवून घेऊन तिचा सांठा होतो. आपण एकादशीस निराहार राहतों तेव्हां मेंदूस साखर पुरवितें तें यकृत्. रात्रभर निजलेल्या मनुष्याचेंही तेंच. रक्त गोठविणारीं द्रव्यें तेंच घडवितें, रक्तांतलें पाणी शिरांच्या बाहेर पाझरूं न देणारें अल्ब्युमिन तेंच घडवितें. झिजलेल्या रक्तपेशींतला पिवळा रंग पित्तावाटे बाहेर टाकतें; तें काम थकलें कीं डोळे पिवळे होतात. आणि प्रथिनें कुजून आंतड्यांत जो अमोनिया तयार होतो, त्याचा युरिया करून मूत्रावाटे घालविणें हेंही काम त्याचेंच. हें शेवटचें काम वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या कथेचा शेवट त्यावरच आहे.

मद्य आलें म्हणजे नाका काय करितो? हा माल सांठवितां येत नाहीं, म्हणून सर्व कामें बाजूस सारून तो आधीं निकालांत काढावा लागतो. यकृत् प्रथम मद्याचें अॅसिटाल्डिहाइड करितें. हें मद्याहूनही अधिक विषारी. मग त्याचा शिरक्यांत असतो तो आम्लपदार्थ होतो आणि तो देहांत जळून जातो. याचा वेग ठरलेला आहे: ताशीं सात ते दहा ग्रॅम. काळी कॉफी, लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकीं कशानेंही तो वाढत नाहीं. तीस मिलिलिटर व्हिस्कींत मद्यार्क दहा ग्रॅम असतो. म्हणजे एका पेल्यास एक तासाहून अधिक. बंधु प्रथम नव्वद मिलिलिटर घेई, ज्यास धाब्यावर ‘नाइन्टी’ म्हणतात. पुढें तो ‘क्वार्टर’वर गेला. क्वार्टर म्हणजे एकशें ऐंशी मिलिलिटर, म्हणजे एकसष्ट ग्रॅम. रात्रीं दहा वाजतां प्यालेली क्वार्टर यकृत् पहाटेपर्यंत फेडीत बसणार, आणि सायंकाळीं पुन्हां दुसरी. हा क्रम पंधरा-सोळा वर्षें. यकृत् या कामांत गुंतलें कीं चरबी जळत नाहीं, ती तेथेंच सांचते; कांहींच्या यकृतास पुढें सूज येते; आणि सूज व दुरुस्ती, सूज व दुरुस्ती असें चालून शेवटीं यकृतभर व्रणाच्या तंतूंचें जाळें माजतें. फ्रेंच वैद्य लाएनेक, ज्यानें स्टेथोस्कोप शोधून काढला, त्यानें १८१९ सालीं या व्याधीस सिर्‍होसिस असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘तांबूस-पिवळा’, कारण त्यास तें यकृत् तसें दिसलें. नित्य अतिशय पिणाऱ्या बहुतेक सर्वांच्या यकृतांत चरबी होते. सिर्‍होसिस दहांतल्या एका-दोघांस होतो. ‘आमचा अमका तर आयुष्यभर पीत होता, त्यास कांहीं झालें नाहीं’ असें जे सांगतात, ते त्या दहांपैकीं आठांची गोष्ट सांगत असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें तर असेंही सांगितलें कीं, मद्याचें निर्धास्त असें प्रमाणच नाहीं.

आमच्या चरकानें चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययास दिला आहे. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या उलट असतात आणि विषाचेही गुण तेच, फक्त अधिक तीव्र, असें त्यांत सांगितलें आहे. विधिपूर्वक घेतलेल्या मद्याची स्तुतीही त्याच अध्यायांत आहे, आणि पिणारे सुशिक्षित तेवढीच पाठ करतात.

या सर्व काळांत यकृत् दुखत कां नाहीं, हा आम्हांस पडलेला प्रश्न. दांताची कीड मनुष्यास रात्रभर जागवते, आणि दीड किलोचा अवयव सुकून खरखरीत होतो तरी हूं कीं चूं नाहीं! डॉक्टरांनीं सांगितलें कीं, यकृताच्या आंतल्या भागास वेदना कळत नाहीं. वरच्या पातळ आवरणास ताण पडला तरच कळते. दुसरें असें कीं, त्याच्यापाशीं शिल्लक फार मोठी असते. बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग संसार चालवितो. बंधूचे तळहात त्या दोन-तीन वर्षांत लालबुंद झाले होते. आमच्या सौभाग्यवती म्हणत, “भाऊजींचें रक्त किती चांगलें आहे पाहा!” तो लालीचा रंग यकृत् बिघडल्याचा होता.

मार्च २०२० मध्यें करोनाची टाळेबंदी आली आणि देशांतलीं मद्याचीं दुकानें बंद झालीं. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बंधूचे हात थरथरूं लागले. दरदरून घाम, डोळ्यास डोळा नाहीं. मध्यरात्रीं तो अंथरुणावरच्या मुंग्या वेंचूं लागला. अंथरुणावर मुंगी नव्हती. “दादा, ह्या भिंतीवरून येतात बघा,” असें तो आम्हांस दाखवी. आम्हांस वाटलें, करोनाचाच ताप डोक्यांत गेला. शेजारीं कोणी बाहेरची बाधा म्हणालें. तेव्हां त्याच्या पत्नीनें पदराखालून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. तो मद्यसेवनाचा परवाना होता. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यान्वयें महाराष्ट्रांत मद्य पिण्यास अजूनही परवाना लागतो. तो काढण्याच्या भानगडींत फार थोडे पडतात. पण बंधु हिशेबनीस. त्यानें काढला होता, आणि त्यावर तारीख होती २००४ सालची. घरांत ज्याची वाच्यता नव्हती त्याची सरकारदरबारीं सोळा वर्षें नोंद होती.

वहिनी (आमच्या मुलांच्या संवयीनें आम्हीही घरांत त्यांना काकू म्हणतों) म्हणाली, “दादा, तुम्हांला माहीत नाहीं असें समजून मी बोललें नाहीं. आणि मला माहीत नाहीं असें समजून तुम्ही बोललां नाहीं.”

आम्हीं डॉक्टरांस फोन केला आणि तीन वर्षांपूर्वींचें उत्तर मागें घेतलें. ते एवढेंच म्हणाले, “गुरुजी, आत्तां गाडी काढा.” वर्षानुवर्षें पिणाऱ्याचें मद्य एकाएकीं तुटलें तर मेंदू बेभान होतो, आंकडी येते, माणूस दगावतोही. म्हणून अट्टल मद्यप्यास घरांत कोंडून ‘आजपासून बंद’ असें करूं नये. दवाखान्यांत औषधांच्या आधारानें तें उतरवावें लागतें. चार दिवसांत, बी-१ जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें व शामक औषधें घेऊन, बंधु शुद्धीवर आला. मे महिन्यांत दुकानें उघडलीं. जूनमध्यें त्याच्या तोंडास पुन्हां वेलदोडा येऊं लागला, आणि या वेळीं आम्हीं तो हुंगला. भांडण झालें, शपथा झाल्या. शपथेनें व्यसन सुटत नाहीं हें आम्हांस ठाऊक नव्हतें, म्हणून आम्हीं देवीपुढें त्याच्याकडून नारळ ठेवविला. त्यास लागणारी चिकित्सा निराळी असते, तीस जाणते लोक असतात, औषधेंही असतात. आमचें सहा महिने नारळांत गेले.

दिवाळीनंतर डोळे पिवळे झाले. येथें आम्ही, म्हणजे पस्तीस वर्षें विज्ञानाचे धडे देणारे मास्तर, काय केलें तें सांगण्यास लाज वाटते. जवळच्या एका खेड्यांत कावीळ उतरवून देणारे एकजण होते, त्यांच्याकडे त्यास घेऊन गेलों. त्यांनीं त्याच्या हातांवर कसला रस चोळला, चुन्याच्या निवळीनें हात धुतले आणि परातींतलें पिवळें पाणी आम्हांस दाखविलें. कावीळ परातींत उतरलेली पाहून आम्हांस समाधान झालें. पुढें आमच्याच एका विद्यार्थ्यानें ठणठणीत माणसाचे हात तसेच धुऊन तसेंच पिवळें पाणी काढून दाखविलें. सालीच्या रसास चुना लागला कीं तो पिवळा होतो, यकृताचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. गळ्यांत माळ होती, ती रोज लांबत असे. शिवाय घरोघर करोनासाठीं जो गुळवेलीचा काढा चालला होता तोही आम्हीं त्यास दिला. काढ्यानें अपाय काय होणार? २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेलीनें यकृतास इजा झालेले रुग्ण नोंदविले, तें वाचून आम्हीं तें भांडें माळ्यावर टाकलें. वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समज आयुर्वेदाचा नव्हे; आमचा आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यांत पोट वाढलें आणि पाय सुजले. जलोदर. व्रणांनीं आंवळलेल्या यकृतांतून रक्त सुरळीत जाईना, मागें दाब वाढला, अल्ब्युमिन कमी पडलें, आणि पाणी पाझरून पोटांत सांचलें. सोलापूरच्या रुग्णालयांत सुई घालून सहा लिटर पाणी काढलें, आणि त्याबरोबर शिरेंतून अल्ब्युमिन दिलें, कारण एकदम पाणी काढल्यानें रक्ताभिसरण कोसळण्याची भीति असते. आम्ही बाहेर बांकावर बसून सुश्रुत आठवीत होतों. नाभीच्या खालीं डाव्या बाजूस चार बोटें सोडून वेध करावा, आणि सर्व पाणी एकाच दिवशीं काढूं नये, असें त्यानें जलोदराविषयीं लिहून ठेविलें आहे. संस्कृताचा आम्हांस त्या दिवशीं झाला तो एवढाच उपयोग, कीं मन थोडें गुंतलें.

बंधूनें त्या खोलींत मद्य सोडलें. कोणीं शपथ घातली नाहीं. सहा लिटरांची बाटल्यांची रांग त्याच्या खाटेशेजारीं उभी होती. ती त्यानें मोजली आणि तिच्यावरच्या खुणा वाचल्या, हिशेबनीसच तो. पुढें मानसोपचारतज्ज्ञांकडे तो नेमानें जात राहिला. तेव्हांपासून एक थेंब नाहीं. व्रण जात नाहींत. पण मद्य सुटल्यानें उरलें तें टिकतें, हें मोठेंच. घरांत लोणचें, पापड, मेतकूट बंद झालें, कारण मीठ पाणी धरून ठेवतें. त्याच्या एकट्याच्या पानांतून बंद करण्याऐवजीं सर्वांच्याच पानांतून केलें. आमच्या सौभाग्यवतींचा तो निर्णय.

२०२२ च्या श्रावणांत एका रात्रीं दोन वाजतां तो उठला, आंघोळ करून, सदरा-विजार चढवून, कचेरींत निघाला. दार उघडण्याच्या आवाजानें आम्ही जागे झालों. “दादा, ताळेबंद द्यायचा आहे,” म्हणाला. गेले कांहीं दिवस तो दिवसां पेंगत असे व रात्रीं जागत असे, तें आम्हीं वयावर ढकललें होतें. त्यास खालीं बसविलें आणि, कां कोण जाणे, पुढें कागद ठेवून म्हटलें, “तुझें नांव लिही.” त्यानें लेखणी धरली. जीं अक्षरें उमटलीं तीं पाहून आमच्या पोटांत धस्स झालें. रेघ सोडून खालीं घसरलेलीं, ‘क’चा गाठोडा सुटलेला, शेवटचीं दोन अक्षरें एकमेकांवर चढलेलीं. पहिलीच्या वर्गांतही त्याचें अक्षर असें नव्हतें.

अमोनिया! नाका मोडला, कीं अमोनियाचा युरिया होत नाहीं; तो रक्तांतून मेंदूंत जातो, आणि मेंदू गुंगतो. मलावरोध, रक्तस्राव, एखादी झोपेची गोळी, कोणतेंही निमित्त पुरतें. बंधूस चार दिवस शौच झालें नव्हतें. रुग्णालयांत त्यास लॅक्टुलोज नांवाचें गोड सरबत सुरू केलें, जें आंतड्यांतला अमोनिया तेथेंच अडकवून बाहेर घालवितें. दिवसांतून दोन-तीन वेळां शौच होईल इतक्या मात्रेनें तें द्यावयाचें असतें. आम्हीं कोणाच्या सांगण्यावरून त्याचें वरण, दूध, दही बंद केलें होतें, त्याबद्दल बोलणीं खाल्लीं. प्रथिनें तोडावयाचीं हा जुना समज. तीं तोडल्यानें मांस झडतें आणि रोगी अधिकच खालावतो. वरण-भात, दूध-दही हें उलट त्यास मानवतें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं थोडें खाणें आवश्यकच. आमच्या कागदाचा तुकडा तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं पाहिला व त्या म्हणाल्या, “आजोबा, हें तुम्हांला कोणीं सांगितलं? आम्ही पण रोज सही करून घेतों.” अक्षर हें यकृताचें माप आहे, हें डॉक्टरांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. आम्हांस तें चाळीस वर्षांच्या मास्तरकीनें योगायोगानें सुचलें.

तेव्हांपासून आमच्या ओसरीवर पुन्हां कित्ता सुरू आहे. रोज सकाळीं चहापूर्वीं बंधु एका दुरेघी वहींत आपलें नांव, वार, तारीख आणि आम्ही सांगूं तो एक शब्द लिहितो. शब्द जोडाक्षराचा, म्हणजे कस लागतो. लिहितांना हात पुढें करून बोटें ताठ धरावयाचीं, तीं पक्ष्याच्या पंखासारखीं फडफडतात कीं काय तेंही पाहावयाचें. ‘क’चा गाठोडा सैल दिसला, कीं काकू न विचारतां सरबताचा चमचा वाढवितात व डॉक्टरांस फोन करितात. तीन वेळां असें वहीवरून आधींच कळलें आणि रुग्णालय टळलें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. बंधूसोबत तपासण्यांस जातां जातां एकदां डॉक्टरांनीं आमचीही सोनोग्राफी केली. आम्ही सुपारीच्या खांडाचेंही व्यसन नसलेले. पण आमच्या यकृतांत चरबी निघाली. पुरणपोळी, आंबरस, निवृत्तीनंतरचें बसणें आणि दहा वर्षांचा मधुमेह, यांतूनही तीच चरबी होते, आणि तीही कोणाकोणास सिर्‍होसिसपर्यंत नेते. २०२३ सालीं डॉक्टरांनीं या व्याधीचें नांवच बदललें. पूर्वींच्या नांवांत ‘मद्याविना’ असा शब्द होता, तो काढून टाकला. दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलें तर ती पुष्कळ निवळते म्हणतात. ‘आमच्या घरांत तसलें कांहीं नाहीं’ असें म्हणण्यास आतां आम्हांस तोंड उरलेलें नाहीं. देवीच्या माळाचा फेरा आम्ही दुप्पट केला आहे. बंधु अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर येतो, आणि परत फिरून पारावर आमची वाट पाहत बसतो.

आज सकाळचा शब्द आम्हीं ‘यक्ना’ दिला. त्यानें तो लिहिला, थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “दादा, तृतीया ना?” रेघ सरळ आहे. ‘क’चा गाठोडा घट्ट आहे. ‘न’चा काना किंचित् डावीकडे झुकलेला वाटतो, उद्यांचें पान पाहूं.